पित्त पाडणाऱ्या बायका

“मॅडम, तुम्ही ओठ मिटून हसा,” फोटोग्राफर म्हणाला. बाकीच्या एकोणतीस जणांना त्याने नुसतं “हसा” म्हटलं होतं. शाळेला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती, तिच्यात सगळ्या शिक्षकांचा मैदानावर काढलेला फोटो यायचा होता, आणि मी दुसऱ्या रांगेत खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून, तोंडावर ऊन घेत अगदी मनापासून हसत होते. त्याच्या पोटात काही काळंबेरं नव्हतं. फोटो चांगला यावा एवढंच त्याला हवं होतं आणि माझ्या दातांनी तो बिघडत होता. मी ओठ मिटले. शेजारच्या खेळाच्या सरांनी आपल्या बुटांकडे बघितलं, मागच्या रांगेतल्या इंग्रजीच्या मॅडमनी उगाच पदर नीट केला. कुणी फिस्सकन हसलं असतं तर बरं झालं असतं, त्याला मी तिथल्या तिथे फाडून खाल्लं असतं. पण सगळे गप्प राहिले. म्हणजे माझ्या दातांची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि बावीस वर्षं एका टेबलावर डबे उघडून एकालाही ती मला सांगावीशी वाटली नव्हती. फोटो निघाला. त्यात मी मयताला आल्यासारखी दिसत असणार.

मधल्या सुट्टीत मी बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन कडी लावली आणि आरशासमोर ओठ वर ओढले. वरचे पुढचे चार दात कडेला इतके पातळ झाले होते की त्यांच्यातून मागचा अंधार दिसत होता. मध्ये पिवळे, टोकाला निळसर, आणि एकाचा कोपरा केव्हा उडाला होता कुणास ठाऊक. मग एकेक आठवायला लागलं. फ्रीजचं पाणी मी कधी सोडलं? पेरू, तोही आमच्याच बागेतला, फोडी करून दाढेकडे सरकवत खायला कधी लागले? मोनाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या वाढदिवसाला मी आइस्क्रीम वितळू देते आणि मग चमच्याने गिळते, कुणी विचारलं तर सांगते, मला असंच आवडतं. इतकं सगळं अंगवळणी पडलं आणि मला पत्ता नाही. आणि मी कोण, तर विज्ञानाची शिक्षिका संजीवनी मॅडम. शाळेत दरवर्षी दंततपासणीचं शिबिर होतं. पोरांची रांग मी लावते, “आ कर, मोठा आ कर” म्हणून मीच ओरडते, कुणाला कीड लागली आणि कुणाला नाही त्याची यादी माझ्या अक्षरात असते. एकोणपन्नास वर्षांत मी स्वतः कुणापुढे आ केला नव्हता. दुखलं तर लवंग धरायची, फारच दुखलं तर एक गोळी, आणि ठणका थांबला की संपलं. बाहेर कुणीतरी दार वाजवलं तेव्हा मी नळ सोडून हात धुतल्यासारखं केलं.

त्याच संध्याकाळी भिगवण रोडवरच्या एका दातांच्या दवाखान्यात शिरले. पाटीवरचं नाव वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर बहुतेक परत फिरले असते. “मॅडम, ओळखलं का? मी सृष्टी. सातवी ब,” डॉक्टर म्हणाली, आणि मला ती आठवली, तिसऱ्या बाकावरची, तास संपला तरी प्रश्न न संपणारी. आता तिने मला खुर्चीत आडवं केलं आणि आ करायला सांगितलं. छोटा आरसा घालून ती बराच वेळ बघत राहिली. आधी दात बाहेरून बघितले, मग आरसा उलटा करून आतल्या, टाळूकडच्या बाजूला नेला आणि तिथेच थांबली. मग तिने मदतनीस बाईंना बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता ही कॅन्सर सांगणार. “मॅडम, एक विचारू का? रागावू नका. तुम्हाला रोज उलटी होते का?” तिच्या आवाजात एक प्रकारचा संकोच होता, वजन कमी करायला उलट्या काढणाऱ्या शहरातल्या मुलींबद्दल तिने शिकताना वाचलं असणार. “होत नाही,” मी म्हणाले, “काढते.” मग मीच तिला समजावून सांगितलं. “अगं, पित्त. सकाळी उठल्यावर पित्त पाडते. तांब्याभर कोमट मिठाचं पाणी प्यायचं आणि घशात दोन बोटं घालायची. सगळ्याच बायका पाडतात.” हे मी इतक्या सहज बोलले की माझं मलाच नंतर आश्चर्य वाटलं. “किती वर्षं?” “लग्न झाल्यापासून. सत्तावीस.” “आणि उलटी काढल्यावर?” “लगेच दात घासते. चांगले खसखसून. तोंड आंबट होतं ना. इथे ब्रशने घासते, गावाकडे राखुंडीने.” सृष्टीने डोळे मिटले आणि उघडले. पोटातलं आम्ल रोज त्या दातांवर येतं, दाताचं वरचं कवच त्याने मऊ पडतं, आणि मऊ पडलेल्या कवचावर मी लगेच राखुंडी घासते, असं तिने सांगितलं. “खरवडून काढलंत, मॅडम. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते, हे मात्र गेलं ते गेलं. कॅप बसवता येतील. पण हे थांबलं नाही तर कॅपच्या कडेनं पुन्हा तेच होईल. उठल्यावर तासाभरात पोटात काहीतरी घाला, रिकाम्या पोटी राहू नका. जळजळ राहिली तर पोटाच्या डॉक्टरांकडे जा, मी चिठ्ठी देते.” मग हातमोजे काढता काढता ती हळूच म्हणाली, “तुम्ही आम्हाला अंड्याचं कवच विरघळवून दाखवायचात. आठवतं?” तिने टोमणा मारला नव्हता. शेवटी तिने विचारलं, घरात आणखी कुणाला ही सवय आहे का, आणि मी “नाही” म्हणाले.

खोटं बोलले. का बोलले ते नंतर सांगते, आधी मला वरकुट्याचं, सासरचं घर सांगू दे, कारण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला तेच दिसत होतं आणि संताप येत होता. लग्नाला आठ-नऊ दिवस झाले असतील. पहाटे घराच्या मागून आवाज आला, कुणीतरी आतडी बाहेर काढावीत असा. मी घाबरून धावले. न्हाणीजवळच्या दगडावर माझ्या सासूबाई, दगडाबाई, आणि चुलत सासूबाई आक्काबाई अशा दोघी शेजारी शेजारी वाकल्या होत्या आणि घशात बोटं घालून ओकत होत्या. मध्येच थांबून एकमेकींशी बोलतही होत्या. “आज माजं लई पडलं.” “माजं अजून न्हाय निघालं बग.” माझंही डोकं दोन दिवस ठणकत होतं. लग्नघरात रोज शेवटच्या पंगतीनंतर जेवायचं, तीन-तीन वाजायचे. दगडाबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. “डोस्कं धरलंय न्हवं? पित्त चढलंय. ये हितं.” त्यांनी एक तळहात माझ्या कपाळाला लावला, दुसरा पाठीवर फिरवला. “घाल बोटं. भिऊ नगं. पिवळं पडलं की मोकळं वाटंल.” आणि वाटलं मोकळं, हे मला कबूल केलंच पाहिजे. त्या घरात मला मिळालेली पहिली माया म्हणजे कपाळावरचा तो खरखरीत हात. पुढे मी ती माया रोज सकाळी घेत राहिले, त्या नसल्या की स्वतःच्या हाताने घेत राहिले. घरातल्या सगळ्या बायकांना पित्त आणि एकाही पुरुषाला नाही, हे कसं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. उठल्या उठल्या चहा, भाकऱ्या थापताना पुन्हा चहा, मग आबा जेवणार, मग हे जेवणार, मग रानातले गडी, मग आलागेला, आणि दीड-दोनला आमची ताटं. वर सोमवार, चतुर्थी, एकादशी. “बाईला पित्त असतंयच,” असं आबा म्हणायचे, सासरे माझे, सर्जेराव. बाभळीला काटे असतातच, त्यात बाभळीला काय विचारायचं? पण आबांची स्वतःची दाढ दुखली तेव्हा त्याच दिवशी जीप काढून त्यांना पुण्याला नेलं होतं. गाय वैरण खाईना झाली की तासाभरात डॉक्टरची मोटरसायकल दारात, आणि माझा नवरा रविराज स्वतः तिचा जबडा फाकवून, जीभ बाहेर ओढून, कुठं काटा रुतलाय का बघायचा. गाईच्या तोंडात हात घालून बघणारी माणसं होती ती. दगडाबाईंचे दात चाळिशीतच एकामागून एक हलले आणि पडले. कवळी करू या का, असं कुणीतरी एकदा विचारलं होतं. “मला कुठं मिरवायचंय?” त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले. मीही हसले होते.

पायऱ्या उतरून मी घरापर्यंत चालत गेले, रिक्षा केली नाही. रिक्षात बसले असते तर रिक्षावाल्याशी भांडले असते. बावीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले, जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. खाली रेघ मारत आले. काचेच्या ग्लासात व्हिनेगर घालायचं, त्यात अंडं सोडायचं, बुडबुडे दाखवायचे, दुसऱ्या दिवशी कवच गेलेलं मऊ अंडं पोरांच्या हातात द्यायचं. पोरं “ई” करायची. आणि त्याच सकाळी सहा वाजता मी जठरातलं आम्ल दोन बोटांनी वर ओढून दातांवर घेतलेलं असायचं. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि त्यांची एकमेकींशी कधी गाठ पडली नाही. शाळेचं ज्ञान शाळेत आणि घरचं पित्त घरी. असली कसली मी शिकलेली? मला फोटोग्राफरचा राग आला, खेळाच्या सरांच्या बुटांचा राग आला, आबांच्या पुण्यात काढलेल्या दाढेचा राग आला, आणि सगळ्यात जास्त राग त्या म्हाताऱ्या बाईचा आला, जिने माझ्या कपाळावर हात ठेवला होता.

कारण तसाच हात मी मोनाच्या कपाळावर ठेवला होता. दहावीच्या सराव परीक्षेच्या दिवशी तिचं डोकं फुटत होतं, पेपर चुकेल म्हणून ती रडत होती. मी तिला बाथरूममध्ये नेलं, पाण्यात मीठ ढवळलं आणि म्हटलं, घाल बोटं, भिऊ नको. आता ती एकवीसची आहे, शेतकी पदवीच्या शेवटच्या वर्षाला, सकाळी फक्त कॉफी पिऊन पळते, आणि काही सकाळी बाथरूमचा नळ जोरात सोडलेला ऐकू येतो. त्या नळाचा अर्थ मला कळत होता आणि मी पोळ्या लाटत राहायचे. हो म्हटलं असतं तर तिला ही सवय मीच लावली हेही सांगावं लागलं असतं, म्हणून मी सृष्टीपुढे “नाही” म्हणाले. माझे गेले ते गेले, पण मोनाचे अजून होते. रात्रीच्या जेवणानंतर तिला मी दिव्याखाली बसवलं आणि म्हणाले, “आ कर.” तिने केला. पांढरे, सलग, सुंदर दात. आतली बाजू मला दिसेना. “आई, मी काय रोज काढते का? आठवड्यातून दोनदा, तीनदा. आणि तूच तर...” एवढं बोलून ती थांबली. वाक्य तिने पुरं केलं नाही, पोरगी चांगल्या वळणाची आहे. तिच्या त्या चांगल्या वळणाचाही मला राग आला. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणाली, “मला काय झालंय? मला कुठे दुखतंय?” अगदी माझंच बोलणं. उलटी काढायची नाही म्हटलं तर म्हणाली, “मग डोकं दुखल्यावर काय करू?” सकाळी खा म्हटलं तर म्हणाली, “तू खातेस का?” शेतीसाठी गावीच राहणाऱ्या रविराजना वरकुट्याला फोन लावून सगळं सांगितलं. ते बागेला पाणी देत होते, मोटरचा आवाज मागे येत होता. “पित्त आईला पण हाय की. तिनं कुठं कवा दवाखाना केला?” “तिला दात कुठे आहेत?” “वय झाल्यावं पडत्यातच.” “चाळिशीत?” “बरं, बसव की त्या कॅपा. कोण नगं म्हणतंय? पण एवढं चिडायचं काय त्यात?” माझा नवरा वाईट माणूस नाही. तो विचारतो ते अगदी खरं वाटून विचारतो, म्हणून तर त्याच्याशी भांडता येत नाही. मी फोन ठेवला.

शनिवारी शाळा सुटल्यावर वरकुट्याला जायला मोनाला घेऊन इंदापूरची एसटी पकडली. ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी पूर्ण रस्ता मनातल्या मनात दगडाबाईंशी भांडत होते. काय काय बोलायचं ते जुळवत होते. सासूशी सत्तावीस वर्षांत मोठ्या आवाजात बोलले नव्हते, त्याची उणीव एकदाच भरून काढायची होती. रात्री काही बोलता आलं नाही, घर भरलेलं होतं. पहाटे मला आवाजानेच जाग आली. मागच्या दारी गेले तर दगडावर दगडाबाई वाकलेल्या होत्या, बहात्तर वर्षांचा पाठीचा कणा नुसता वर आलेला, आणि शेजारी मोना उभी होती, हातात मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन, आपली पाळी यायची वाट बघत. दगडाबाईंचा हात तिच्या कपाळाकडे निघाला होता. मी तो मनगटाला धरला. “आत्या, पुरे,” मी म्हणाले, आणि मग जुळवलेलं सगळं विसरून भलतंच ओरडले. “हे तुम्ही मला शिकवलंत. माझे दात बघा. बघा ना! तुमच्यामुळे गेले. माझी पोरगी मी तुम्हाला देणार नाही.” कोंबड्या बाजूला पळाल्या. दगडाबाईंनी पदराने तोंड पुसलं. माझ्या तोंडाकडे त्यांनी खरंच निरखून बघितलं, गाईच्या तोंडात बघतात तसं, आणि मग स्वतःच्या रिकाम्या हिरड्यांवरून जीभ फिरवली. “दात ह्यानंच जात्यात व्हय?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. “मला माज्या सासूनं शिकवलं. मला काय ठावं? मी अंगठा उठवणारी बाई. पर संजीवनी, तू शिकल्याली. पोटात कसलं पाणी असतंय त्ये तू पोरास्नी शिकवतीस, असं रवी सांगत हुता. सत्तावीस वर्सं माज्या शेजारी बसून काढलंस. एकदा तरी म्हणालीस का, आत्या, ह्ये वंगाळ हाय, नगा करू?” त्या रागावल्या नव्हत्या. विचारत होत्या. इतके दिवस ज्याच्या-त्याच्या अंगावर फेकत आलेला राग तसाच्या तसा माझ्या अंगावर येऊन पडला आणि मी तिथे उभी राहिले, त्या म्हाताऱ्या बाईचं मनगट हातात धरून.

मोना आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि दगडावर उपडा केला. “आत चला,” मी म्हणाले, “दोघी.” चूल आधीच पेटलेली होती. मी परात ओढली, ज्वारीचं पीठ घेतलं, भाकरी थापली. सकाळचे पावणेसात झाले असतील. तीन ताटं मांडली, वाट्यांमध्ये दूध ओतलं, आणि पहिली भाकरी तव्यावरून उतरवून दगडाबाईंच्या ताटात ठेवली. त्या घरात पहिली भाकरी आबांची असते. ती दुरडीत जाते, फडक्यात गुंडाळली जाते, आणि आबा अंघोळ करून, देवाला हात जोडून येईपर्यंत तिला कुणी शिवत नाही. “आगं, त्यास्नी येऊ दे की,” दगडाबाई म्हणाल्या. “येऊ देत,” मी म्हणाले, “तुम्ही जेवा.” दुसरी भाकरी मोडून अर्धी मोनाला दिली, अर्धी माझ्या ताटात ठेवली. “मला भूक नाही,” मोना म्हणाली. “भूक आहे का असं मी विचारलं नाही.” रविराज दुधाची किटली घेऊन आत आले, ताटं बघून थबकले. “आज बायकांची पंगत आधी,” मी म्हणाले, “तुमची नंतर.” ते हसले, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायचे थांबले, किटली खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसले. तेवढ्यात खोकत आबा आले. ओल्या केसांनी, गळ्यात पंचा, दारातच उभे. त्यांनी आपल्या बायकोला ताटापुढे बसलेली बघितलं. “आज काय सण हाय व्हय?” त्यांनी विचारलं. दगडाबाई दाराकडे बघत बसल्या, बोटं ताटाच्या काठावर ठेवलेली, घास काही मोडेनात. माझी नजर त्यांच्याकडे होती आणि मला वाटत होतं, आता या उठणार, पदर सावरून उठणार आणि ताट आबांपुढे सरकवणार, आणि मोना ते बघणार, आणि मग मी आणि सृष्टी आणि जगातले सगळे डॉक्टर मिळून त्या पोरीला काही शिकवू शकणार नाही. “जेवा ना आत्या,” मी म्हणाले. हे मी रागाने म्हणाले की रडवेली होऊन, मला सांगता येणार नाही.

दगडाबाईंनी कोपरा मोडला, दुधात बुडवला आणि तोंडात ठेवला. हिरड्यांनी चावत असताना त्या मध्येच थांबल्या. घास गिळला, ताटातल्या भाकरीवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. मग माझ्याकडे वळून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, “गरम हाय गं ही.”

पंचावन्न वर्षं त्या बाईने या घरात भाकऱ्या थापल्या होत्या. मला इतका राग आला की तव्यावरची भाकरी मी उलथण्याशिवाय नुसत्या बोटांनी उचलली. मोनाने आजीकडे बघितलं आणि कुणी न सांगता घास मोडला. आबा अजून दारात उभे होते. त्यांच्यादेखत मी ती भाकरी आत्यांच्या ताटात टाकली आणि पुढच्या भाकरीसाठी पीठ मळायला घेतलं.